उतरणधोंडा

ताई, बाळाला इथं खाली उतरवा. बाबागाडी त्या भिंतीपाशी लावा, कुणी नेत नाही. बूटही काढा तिचे.

हा काळा, सपाट दगड दिसतोय ना, चार माणसं ऐसपैस उभी राहतील एवढा, याला उतरणधोंडा म्हणतात. मोरवंडीच्या बागेत जो कुणी लहान मूल घेऊन पहिल्यांदा येतो, त्यानं या धोंड्यापाशी मुलाला कडेवरून उतरवायचं आणि आपण धोंड्यावर चढून उभं राहायचं. मूल एकटं पुढं जातं. इथून त्या पाटापर्यंत, पाटाच्या कडेनं त्या जांभळीपर्यंत, वाटलं तर आणखी पुढं. ते आपण होऊन परत येईपर्यंत मोठ्या माणसानं धोंड्यावरून पाय खाली ठेवायचा नाही. भिऊ नका. बागेला चहूकडून कुंपण आहे, पाटात घोट्याएवढंच पाणी आहे, आणि मी इथंच बसलेय. मी शेवंता रासकर. चाळीस वर्षं या बागेत माळीकाम केलं, आता नुसती बसते. माझ्या सासूनं मला ही हकिगत सांगितली, तिला तिच्या सासूनं. तुम्ही उभ्या आहातच, तर ऐका.

तेव्हा हे शहर नव्हतं. कसबे मोरवंडी म्हणून लहानसा गाव होता, त्याला मातीचं गावकूस होतं, आणि ही बाग गावच्या देशमुखांची होती. रायाजीराव देशमुख त्यांचं नाव. माणूस शब्दाचा पक्का, तालेवार, पण घरात मूल टिकत नव्हतं. त्यांच्या पत्नीला, सगुणाबाईंना, तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिल्याला परसात रांगताना विंचू चावला. दुसरं ओसरीवरून खाली पडलं. तिसरं रांगायला लागलं त्याच आठवड्यात तापानं फणफणलं आणि गेलं. तेव्हापासून सगुणाबाईंच्या मनानं एकच धरलं, असं सांगतात. त्या म्हणायच्या, "जमीन माझी पोरं खाते."

चौथी मुलगी झाली. तिचं नाव मंजुळा ठेवलं. सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली, तेव्हा सगुणाबाईंनी पदर पसरून नवस बोलला. "आई, पाच वर्षं हिचा पाय मी जमिनीला लागू देणार नाही. पाच वर्षं पुरी झाली की तुझ्याच दारात उतरवीन. तेवढी ही मला राहू दे."

नवस बोलायला एक श्वास पुरतो, पाळायला जन्म लागतो. मंजुळेला कडेवर घ्यायला तीन बायका नेमल्या. सकाळची एक, दुपारची एक, संध्याकाळची एक. अंघोळ मांडीवर, जेवण मांडीवर, निजणं आईच्या कुशीत. नवसात शब्द होता जमीन. पण भीतीला कुठं शब्द पुरतात? सगुणाबाईंनी आधी फरशी बंद केली, मग बसायचा लाकडी पाट बंद केला, मग बिछान्यावरसुद्धा मुलीला उभं करायचं नाही असं फर्मान निघालं. पोरगी म्हणे तीन वर्षांची झाली तरी तिच्या तळपायाला एक रेघ घासलेली नव्हती. लोण्यासारखे तळवे. आणि पाय तुरीच्या काड्यांसारखे.

संध्याकाळी कडेवर घेणारी बाई होती ठकू. ती याच बागेतली माळीण. वाफ्यांना पाणी घालून घालून तिचे दंड पुरुषासारखे झाले होते, म्हणून तिला निवडलं होतं. तिचा नवरा कोंडाजी बाग राखायचा. त्यांना एक मुलगी होती, राही. मंजुळेपेक्षा एका महिन्यानं धाकटी. राही दिवसभर बागेत चिखलात बसायची, कच्चे पेरू खायची, पडायची, रडायची आणि उठून पुन्हा पळायची. ठकू देशमुखांच्या लेकीला कडेवर घेऊन बागेत हवा खायला आणायची तेव्हा समोर आपली लेक धावत असायची. कडेवरची पोर तिच्याकडे टक लावून बघायची.

मंजुळा फार उशिरा बोलायला लागली. तिचा पहिला शब्द "आई" नव्हता आणि "बाबा"ही नव्हता. ती म्हणाली, "खाली."

वाड्यात कुणाला कळेना. कुणी तिच्यासाठी खालचं खेळणं उचलून दिलं, कुणी खाली वाकून मांजर दाखवलं. ती आपली मान हलवायची आणि पुन्हा म्हणायची, "खाली." ठकूला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती बोलली मात्र नाही. देशमुखांच्या घरात नवसाविरुद्ध बोलणार कोण?

बोलले ते वैद्य. मंजुळेला साडेतीन वर्षं झाली होती. वैद्यांनी तिचे गुडघे दाबून बघितले, पोटऱ्या चाचपल्या, आणि रायाजीरावांना बाजूला नेऊन म्हणाले, "सरकार, पाचव्या वर्षी तुम्ही हिला उतरवाल खरं. पण उभी कोण राहणार? पायांत काही उरलं तर ना!" रायाजीरावांनी पत्नीकडे विषय काढला. सगुणाबाईंनी तीन पाळण्यांच्या दोऱ्या आणून नवऱ्यापुढं ठेवल्या. "चौथी तुम्ही ठेवा," म्हणाल्या. पुन्हा रायाजीरावांनी तो विषय काढला नाही.

ठकू दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

त्या संध्याकाळी ती मंजुळेला घेऊन या धोंड्यावर येऊन बसली. ऊन कलतं होतं, धोंडा कोमट होता. मंजुळा म्हणाली, "खाली." ठकूनं चहूकडं बघितलं. मग हात जोडले आणि सटवाईला उद्देशून म्हणाली, असं सांगतात, "आई, नवसात जमीन आहे. हा धोंडा आहे. यात काही खोट असली तर ती माझ्या पदरात घाल, या पोरीच्या नको." आणि तिनं मुलीचे दोन्ही पाय धोंड्यावर टेकवले.

गुडघे लगेच मुडपले. मंजुळा मटकन बसली, आणि हसली. वाड्यात तिला तसं हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ठकू तिला काखेत धरून उभी करायची, मग नुसत्या बोटांनी धरायची. पंधरा दिवसांनी पोरगी दहा आकडे मोजेपर्यंत उभी राहिली. महिन्याभरानं धोंड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. धोंड्याखाली ठकूनं तिला कधी उतरवलं नाही, हे मात्र खरं. पण एके दिवशी राही पाटाच्या चिखलात बसून मातीची चूल थापत होती, मंजुळा कडेशी आली, पोटावर पालथी झाली, आधी एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि चालत जाऊन चुलीपाशी बसली. ठकू जागची हलली नाही. पुढं लोकांनी तिला विचारलं, "का गं, धरलं का नाहीस?" तर म्हणाली, "हात पुढं केला होता. पण तिचं तोंड बघितलं आणि मागं घेतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई लेकीला मांडीवर घेऊन अंघोळ घालत होत्या. तळपायाच्या रेघांत काळी माती दिसली. संध्याकाळी ठकू मुलीला घेऊन निघाली तशा त्या मागोमाग चालत बागेत आल्या. देशमुखीण पायी बाहेर पडलेली गावानं तेव्हा पहिल्यांदा बघितली. बागेच्या दारातून त्यांना दिसलं, मंजुळा घोट्यापर्यंत चिखलात उभी आहे आणि माळ्याच्या पोरीचा हात धरून पाटात पाय आपटते आहे.

त्यांनी जी किंकाळी फोडली ती गावकुसाबाहेर ऐकू गेली म्हणे. माणसं धावली, रायाजीरावही आले.

"ठकू, कुणी उतरवलं हिला?"

"धोंड्यावर मी उतरवलं, बाईसाहेब. मातीत तिची ती गेली."

"माझा नवस मोडलास तू. तुला लेक आहे, तुला काय कळणार? ही गेली तर मी काय करू?"

रायाजीरावांनी तिथंच हुकूम दिला, की माळ्याचं बिऱ्हाड सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर जावं. कोंडाजी हात जोडून उभा राहिला. ठकू मात्र धोंड्यावरून हलली नाही.

"जाते सरकार," ती म्हणाली. "पण आधी नवसाचं बघा. राहिलेले दिवस कुणीतरी पाळायला हवेत."

"म्हणजे?"

"ताईसाहेबांना पाच वर्षं पुरी व्हायला एक वर्ष आणि चार महिने आहेत. ते दिवस माझ्या पायांनी पाळते. आज मी या धोंड्यावर आहे. ताईसाहेबांना पाच वर्षं पुरी होईपर्यंत माझा पाय जमिनीला लागणार नाही. लागला तर देवीनं मला न्यावं. पण तोवर पोरीला चालू द्या. कोमेजतेय ती, बाईसाहेब. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही तिला सारखी छातीशी धरून असता. छातीशी धरलेल्या पोराचं तोंड आईला दिसत नाही."

देशमुखांपुढं माळणीनं असं बोलावं! सगुणाबाईंच्या ओठांवर काय आलं होतं ते कुणाला ठाऊक नाही, कारण तेवढ्यात मंजुळा चिखलातून बाहेर आली. राहीचा हात सोडला आणि एक, दोन, तीन असं करत, दोनदा बसत, दोनदा उठत, आईपर्यंत चालत गेली आणि तिच्या निऱ्यांना मिठी मारली. भरजरी लुगड्यावर चिखलाचे दोन पंजे उमटले.

चार मुलांची आई, पण लेकरू आपल्याकडे चालत येतं तेव्हा काय होतं हे सगुणाबाईंना आजवर माहीत नव्हतं. त्या तिथंच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "ठकू, जमेल तुला?"

"जमेल," ठकू म्हणाली.

आणि तिनं ते जमवलं. या इथं, जिथं तुम्ही उभ्या आहात, तिथं ती एक वर्ष चार महिने राहिली. कोंडाजीनं वर झावळ्यांचं छप्पर घातलं. कुठं जायचं झालं तर तो तिला पाठुंगळी घेऊन न्यायचा आणि पाठुंगळीच परत आणायचा. गाव आधी हसलं, मग हसायचं थांबलं. वैशाखात धोंडा तव्यासारखा तापायचा, तेव्हा बायका घागरी आणून त्यावर ओतायच्या. आषाढात पाटाचं पाणी फुगून धोंड्याच्या चारी अंगांनी वाहू लागलं आणि ठकू मधोमध गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. थंडीत सगुणाबाईंनी स्वतःची शाल पाठवली. ती परत करू नकोस, असा निरोपही पाठवला.

सगुणाबाई रोज संध्याकाळी यायच्या. आधी दारात उभ्या राहायच्या, मग धोंड्याजवळ, मग धोंड्यावरच ठकूशेजारी बसायला लागल्या. मंजुळा पडली की त्या ताडकन उठायच्या. ठकू म्हणायची, "बसा बाईसाहेब. उठेल ती." आणि ती उठायची. गुडघे सोलवटायचे, खपली धरायची, पुन्हा सोलवटायचे. सगुणाबाईंना पहिले तीन-चार महिने जेवण गेलं नाही असं सांगतात. पण त्या येत राहिल्या.

नवसाला दोन महिने उरले होते तेव्हा तो प्रसंग घडला. भाद्रपद होता, गवत माजलं होतं. मंजुळा त्या जांभळीपाशी जांभळीच्या बिया वेचत होती आणि तिच्यापासून दोन हातांवर गवतातून नाग वर आला. फणा काढून डोलायला लागला. राही किंचाळून मागं पळाली. सगुणाबाई धोंड्यावर होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी ठकूचा दंड घट्ट धरला. आणि ठकूनं एक पाय उचलला.

विचार करा ताई. पाय खाली ठेवला तर चौदा महिन्यांचा नवस मातीत, आणि देवीला दिलेला शब्द आहे. नाही ठेवला तर समोर पोर. माझी सासू सांगायची, ठकू एका पायावर उभी राहिली ती नवसासाठी नव्हे. ती पाय ठेवणारच होती. पण तिला दिसलं, की आपण धावलो तर नाग बिथरेल आणि आपल्या आधी तोच पोचेल. ती एका पायावर तशीच राहून म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "मंजुळे, पाय घट्ट रोव. झाड हो. ते बघ जांभळीचं, कसं हलत नाही."

आणि पाच वर्षांची होऊ घातलेली ती पोर उभी राहिली. डोळे नागावर, पाय मातीत रोवलेले. दीड वर्षापूर्वी जे पाय दहा आकडे मोजेपर्यंत टिकत नव्हते, ते तेव्हा किती वेळ टिकले कुणी मोजलं नाही. नागानं फणा खाली घेतला, तिच्या पायांजवळून सरपटत पाटाकडं गेला आणि पाण्यात उतरून दिसेनासा झाला. त्या दिवसापासून या पाटाकाठी साप कुणाला चावला नाही म्हणतात. मी चाळीस वर्षांत साप बघितले पुष्कळ, चावलेला एकही नाही. तरी पण बघून चालावं, देवीवर सगळा भार टाकू नये.

सगुणाबाईंनी मग धावत जाऊन लेकीला उचललं. पोटाशी धरलं, मुके घेतले. आणि राहीच्या किंकाळीनं धावत आलेलं सगळं गाव बघत असताना त्यांनी तिला पुन्हा खाली ठेवलं. आपल्या हातांनी. त्यांची भीती त्या क्षणी गेली, असं नाही. माझी सासू म्हणायची, आईची भीती जात नसते, ती फक्त हात सैल सोडायला शिकते.

पाच वर्षं पुरी झाली. सगुणाबाई मंजुळेला चालवत सटवाईच्या देवळात घेऊन गेल्या. दाराशी तिला एकदा उचललं आणि उंबऱ्यात उतरवलं. नवस फिटला. खण-नारळ ठेवला. आणि तिथून सगळी माणसं वाजतगाजत बागेत आली, ठकूला उतरवायला.

ठकूनं पाय जमिनीवर ठेवला आणि ती कोसळली.

एवढे महिने चालणं नाही, उभं राहणं बेताचं. वाफ्यांना पाणी घालणारी, पुरुषासारख्या दंडाची ती बाई, तिचे पाय वाळलेल्या काड्यांसारखे झाले होते. कोंडाजी तिला उचलायला पुढं झाला. मंजुळेनं त्याला हातानं थांबवलं. पाच वर्षांची पोर ती. तिनं ठकूपुढं आपलं बोट धरलं आणि म्हणाली, "धर. पडलीस तर पड. मी आहे."

त्या दोघी म्हणे त्या दिवशी इथून पाटापर्यंत गेल्या. तेवढ्याला दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी थोडं पुढं. रोज संध्याकाळी देशमुखांची लेक माळणीला बोट धरून चालवायची, आणि राही मागून दोघींना सूचना द्यायची. चैत्रात ठकूनं पहिली घागर उचलली.

रायाजीरावांनी ठकूला बोलावून विचारलं, "काय हवं ते माग. जमीन माग, गाय माग."

ठकू म्हणाली, "सरकार, बागेचं दार काढून टाका. गावातली सगळी पोरं येऊ देत. राहीला खेळायला सोबत होईल."

रायाजीराव हसले, असं सांगतात. पण शब्दाचे पक्के होते. दाराच्या दोन्ही फळ्या काढून त्यांनी सटवाईच्या देवळाला लावल्या. सगुणाबाईंनी वर एक अट घातली. मोरवंडीतली कुठलीही आई आपलं मूल पहिल्यांदा बागेत आणेल, तेव्हा ते या धोंड्यापाशी स्वतःच्या हातांनी उतरवील आणि धोंड्यावर उभी राहील. "मला जे चौथ्या लेकराच्या वेळी कळलं," त्या म्हणाल्या, "ते दुसऱ्या कुणाला पहिल्याच्या वेळी कळू दे."

पुढं गावकूस पडलं, देशमुखी गेली, गावाचं शहर झालं. बागेभोवती सात-सात मजली इमारती आल्या. नगरपालिकेनं कुंपण घातलं, पण फाटकाला दाराची फळी बसवायची तेवढी राहिली ती राहिलीच. दोनदा साहेब बदलले, दोनदा कागद निघाले, दोन्ही वेळा मोरवंडीच्या बायका फाटकात जाऊन बसल्या.

आजही रविवारी सकाळी या धोंड्यावर पाय ठेवायला जागा नसते. बँकेतले साहेब असतात, रिक्षावाले असतात, दवाखान्यातून थेट आलेल्या डॉक्टरीणबाई असतात, नातवंडाला आणलेले आजी-आजोबा असतात. सगळे खांद्याला खांदा लावून उभे. कुणी ओठ चावतो, कुणी हात घट्ट बांधून घेतो, कुणी नुसतंच "हळू, हळू" पुटपुटतो. समोर त्यांची पोरं चिखलात, पाण्यात, जांभळीखाली. पडतात, रडतात. धोंड्यावरनं कुणी उतरत नाही. पाच मिनिटांत रडं थांबतं. मी चाळीस वर्षं बघतेय.

काय म्हणालात? ती मागं वळूनसुद्धा बघत नाही?

नाही बघणार, ताई. बघायचं काम धोंड्यावरच्या माणसाचं.